कधी जमिनीत, कधी टॉप: दुखणं एकच

जळगावच्या एका बँक अधिकाऱ्यांनी विचारलंय. वय ४७. पुण्यात बदली असताना तीन वर्षं गोल्फ खेळले, आता बदली होऊन घरी परतलेत. कोर्सवर रोज जाणं जमत नाही म्हणून घरामागे जाळी बांधलीय, खाली हिरवी प्लास्टिकची मॅट, आणि रोज संध्याकाळी सेव्हन आयर्नचे (लोखंडी पात्याचा मधला क्लब, म्हणजे गोल्फची काठी) शंभर-सव्वाशे चेंडू. त्यांच्याच शब्दांत: "मॅटवर दहापैकी आठ छान लागतात. महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन खेळतो तेव्हा दहापैकी तीन नीट, चार जमिनीत, तीन टॉप. जो तो सांगतो डोकं खाली ठेव. वर्षभर ठेवतोय. चुकतंय कुठं? का क्लबच बदलू?" (जमिनीत म्हणजे क्लब चेंडूच्या आधी मातीत शिरणं; टॉप म्हणजे क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागून तो नुसता घरंगळणं.)

साहेब, आधी मॅटचं बोलू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे.

मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला तरी तो रुतत नाही. तळ मॅटवरून घसरतो, पुढे सरकतो आणि चेंडूला जाऊन भिडतो. आवाज जरा बद्द येतो, पण चेंडू समोरच्या जाळीत जातोच. जाळी दहा फुटांवर. चेंडू पुढं जाऊन कुठं पडला असता ते तुम्हाला दिसतच नाही. तुम्ही म्हणता, लागला. हाच फटका गवतावर मारला की क्लबचं पातं मातीत शिरतं, ढेकूळ निघतं आणि चेंडू वीस पावलांवर जाऊन बसतो. म्हणजे पुण्यात गेल्यावर तुमचा खेळ बिघडत नाही. तुम्ही तेच मारताय जे जळगावात मारता, फक्त मॅट खोटं बोलत होती. मॅट थेट सिमेंटच्या कोब्यावर अंथरली असेल तर मनगट आणि कोपर यांचंही नुकसान होतंय, ते वेगळंच.

आता तुमचा हिशोब घ्या: चार जमिनीत, तीन टॉप. तुम्ही ही दोन दुखणी समजताय आणि दोघांवर वेगवेगळं औषध शोधताय. जमिनीत गेला की पुढच्या वेळी जरा वरून मारायचं, टॉप झाला की जरा खालून. मी पाचोऱ्याचा. पुण्यात कॅडी, म्हणजे खेळाडूंची पिशवी वाहणारा, म्हणून सुरुवात केली, मग शिकवायला लागलो, त्यालाही आता तेवीस वर्षं होतील. एवढ्या काळात वरून-खालून करत सुधारलेला एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही. कारण दोन्ही चुका एकाच जागी जन्मतात.

घरातला झोपाळा आठवा. तो सगळ्यात खाली कुठं येतो? कडीच्या बरोबर खाली. कडी एक हात मागच्या तुळईला लावली तर झोपाळ्याचा तळही एक हात मागे जाणार. गोल्फमध्ये ती कडी म्हणजे तुमचा डावा खांदा (तुम्ही उजव्या हातानं खेळता असं धरून चालतो). फटका बसतो त्या क्षणी डावा खांदा जिथं असेल, साधारण त्याच्याच खाली क्लब सगळ्यात खालच्या बिंदूला पोचतो. चांगल्या खेळाडूचा हा बिंदू आयर्नला चेंडूच्या तीन-चार इंच पुढं असतो. म्हणून त्याचा क्लब अजून खाली येत असतानाच चेंडूला लागतो, आणि गवताची ढलपी निघते ती चेंडूच्या पुढची. टीव्हीवर दिसते ती ढलपी हीच. व्यावसायिक खेळाडूंचा सेव्हन आयर्न चेंडूवर साधारण चार अंशांच्या उतारानं येतो.

तुमचा हा सगळ्यात खालचा बिंदू, म्हणजे तळ, चेंडूच्या मागे आहे. आता त्यातून दोनच गोष्टी होऊ शकतात. क्लब तळाला पोचला आणि जमीन आडवी आली, तर खुपसला. नाही आली, किंवा शरीरानं आपसूक स्वतःला वर उचलून घेतलं, तर क्लब तळ सोडून वर चढायला लागलेला असतो आणि चढता चढता चेंडूच्या कमरेला किंवा डोक्याला लागतो. गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे निम्मा चेंडू २१ मिलिमीटर. बोटाच्या एका पेराइतका क्लब वर आला की झाला टॉप. डोकं वर आलं म्हणून टॉप झाला असं सगळे सांगतात ना, ते उलटं आहे. शरीराला कळलेलं असतं की आता जमिनीत जाणार, म्हणून ते वर येतं. खरं तर ते तुम्हाला वाचवत असतं.

डोक्याचं एकदा निकालात काढू. मला स्वतःला सुरुवातीला ज्यांनी शिकवलं त्यांनी दोन वर्षं हेच एक वाक्य ऐकवलं. मी इतकं इमानदारीनं डोकं खाली गाडलं की शरीर फिरायचंच थांबलं, वजन उजव्या पायावर अडकून राहिलं, आणि मानेच्या दुखण्यानं डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या त्या वेगळ्याच. स्वीडनची गोल्फपटू ॲनिका सोरेनस्टॅम, तिचे फटके बघा. चेंडू लागायच्या आधीच तिचं तोंड लक्ष्याकडं वळायला लागलेलं असतं. त्याच बाईनं १० मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या आणि २००१ मध्ये अठरा होलची एक फेरी ५९ फटक्यांत संपवली. डोकं खाली नसल्यानं फटका बिघडत असता तर तिचा पहिला बिघडला असता. डोकं फार हलू नये, उसळू नये, इतकंच. वळायला त्याला मोकळीक आहे.

मग तळ मागे का राहतो? तुमचा व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण या वयात सुरुवात केलेल्या दहा जणांत आठांचं कारण एकच असतं: चेंडू उचलायचा असतो. धुळ्याचे एक कापसाचे व्यापारी माझ्याकडे यायचे, आम्ही त्यांना नानाच म्हणायचो. फटक्याच्या ऐन वेळी ते मागे रेलायचे आणि उजव्या हातानं चेंडूखाली चमचा घातल्यासारखं करायचे. मी विचारलं, नाना, हे काय? म्हणाले, "अरे भाऊ, वर नको का जायला तो?" त्यांच्या हातातला सेव्हन आयर्न मी उभा धरून दाखवला. त्याचं पातं आधीच तीस-चौतीस अंश मागे झुकलेलं असतं. उचलायचं काम कारखान्यात करून ठेवलंय, नाना, तुम्ही फक्त खाली जा. नाना हसले, आणि पुढच्या चेंडूला परत मागे रेलले. डोक्याला पटतं पण अंगाला पटत नाही, हेच या खेळातलं मोठं दुखणं.

अंगाला पटवायचं तर अंगाला दिसलं पाहिजे. आणि त्यासाठी तुमच्याकडे जी सोय आहे ती पुण्याच्या भारी गोल्फ कोर्सवरही सहज मिळत नाही. गिरणेची वाळू.

रविवारी सकाळी सेव्हन आयर्न घेऊन नदीपात्रात जा. चेंडू नेऊ नका. ट्रॅक्टरवाल्यांनी जी काही वाळू शिल्लक ठेवली असेल त्यात पाण्याच्या कडेची ओलसर, दाबलेली पट्टी शोधा. क्लबच्या टोकानं वाळूत एक सरळ रेघ ओढा, दहा-बारा फूट लांब, दोन्ही पायांच्या मधोमध येईल अशी. जिथं चेंडू असता तिथं ती रेघ. आता रेघेवर अर्धा स्विंग घ्या, म्हणजे क्लब अर्धाच मागे नेऊन फिरवा, मग रेघेच्या लांबीनं एक पाऊल सरका, परत घ्या. दहा स्विंग झाले की मागे वळून बघा.

मी नानांना हे करायला लावलं तेव्हाचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. रेघ सरळ, आणि उमटलेले सगळे ओरखडे तिच्या उजव्या अंगाला, म्हणजे मागे. काही चार बोटं मागे सुरू झालेले, दोन तर वीतभर. एकही रेघेच्या पुढं नाही. दोन ठिकाणी ओरखडाच नव्हता, तिथं ते वर उठले होते. नाना उकिडवे बसले, एका ओरखड्यात बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी चेंडू मारतच नाही. मी मागची जमीन मारतो." तीन वर्षं मी हेच सांगत होतो, पण ते माझ्या तोंडून येत होतं.

तुम्हाला हवा असलेला ओरखडा असा: रेघेवर किंवा तिच्या एक-दोन बोटं पुढं सुरू होतो, डावीकडे जातो, उथळ असतो, वीतभर लांब, हातभर नव्हे. खोली महत्त्वाची नाही, सुरुवात महत्त्वाची. खोल खड्डा पडत असेल तर तुम्ही कुदळ मारताय.

ओरखडा पुढं सरकवायचा कसा? वाळूवर उभे असतानाच हे करून बघा. सुरुवातीलाच शरीराचं वजन निम्म्यापेक्षा थोडं जास्त डाव्या पायावर ठेवा आणि क्लब मागे नेताना ते तिथंच राहू द्या. अर्ध्या स्विंगला वजन मागे न्यायची गरज नसते. शर्टाची बटणं रेघेच्या वर, किंचित डावीकडे. मग मारा, आणि शेवटी उजव्या पायाची टाच उचललेली, पट्ट्याचं बक्कल समोर, सगळा भार डाव्या पायावर. या स्थितीत उजवा पाय हवेत उचलता आला पाहिजे. नाही उचलता आला तर कडी अजून मागेच आहे.

दुसरी गोष्ट हातांची. फटक्याच्या क्षणी दोन्ही हात चेंडूच्या थोडे पुढं, डाव्या मांडीसमोर हवेत आणि डाव्या मनगटाची मागची बाजू सपाट. उचलायच्या नादात बहुतेकांचं मनगट इथं हाताच्या पाठीकडे मोडतं, क्लबचं पातं हातांना ओलांडून पुढं पळतं आणि तळ पुन्हा मागे जातो. विळ्यानं गवत कापणाऱ्या बाईकडे बघा. मूठ पुढं, पातं मागून ओढत येतं. मूठ थांबवून पातं फेकलं तर कापलं जात नाही, नुसतं गवत आडवं होतं. माझ्या आईनं हे मला गोल्फच्या कितीतरी आधी शिकवलं होतं, तेव्हा ते कळलं नव्हतं एवढंच.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लब आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात तो काळ सेकंदाचा दोन हजारावा भाग, त्याच्या आसपास. तेवढ्यात मनगट दुरुस्त करणं, पातं वळवणं, काहीच शक्य नाही. जे करायचं ते आधी झालेलं असतं. म्हणून "चेंडूपाशी आल्यावर मी काय करू" हा प्रश्न मनातून काढून टाका. तुम्ही फक्त कुठून येता आणि कुठं जाऊन थांबता एवढंच ठरवू शकता, आणि त्यातलं सोपं म्हणजे कुठं जाऊन थांबता ते.

नदीवर जाता येत नसेल तर शेतात रोटाव्हेटर मारलेली भुसभुशीत माती चालेल, चुन्याची रेघ ओढा. पण वैशाख-ज्येष्ठातल्या भेगाळलेल्या काळ्या मातीवर हा प्रयोग करू नका. ती विटेसारखी झालेली असते, क्लबचा तळ तिच्यावरून उसळतो, ओरखडा उमटत नाही आणि झणका थेट कोपरात जातो. पहिल्या दोन पावसांनंतर तीच माती पात्याला चिकटून बसते, तेव्हाही नको. आपल्याकडची काळी जमीन कापसाला चांगली, गोल्फला नाही.

मॅट टाकून द्या असं मी म्हणत नाही, रोज नदीवर कोण जाणार. पण मॅटला खोटं बोलू देऊ नका. जुना पंचा ओला करून पिळा, चौपदरी घडी घाला आणि चेंडूच्या मागे हाताच्या चार बोटांएवढी जागा सोडून मॅटवर ठेवा. तळ मागे असेल तर क्लब आधी पंच्याला लागेल आणि पंचा चेंडूसकट जाळीत जाईल. पहिले दोन दिवस जाळीत पंचेच जास्त जातील. घरचे हसतील, हसू द्या. पंचा हलला नाही आणि आवाज कडक आला तरच तो फटका मोजायचा. आणि शंभर-सव्वाशे चेंडू बंद करा. पंचवीस-तीस पुरेत, प्रत्येकाच्या आधी चेंडूशिवाय एक अर्धा स्विंग. थकलेलं शरीर पहिली सोडते ती डाव्या पायाची जागा, म्हणजे शेवटचे सत्तर चेंडू तुम्ही रोज चुकीचा सराव पक्का करताय.

आतापर्यंत बोललो ते मागे-पुढे लागण्याबद्दल. पात्यावर आडवं कुठं लागतं तेही तपासून घ्या, खर्च नाही. पात्यावर टाल्कम पावडरचा हलका थर द्या किंवा चेंडूवर व्हाईटबोर्ड मार्करचा ठिपका काढून तो पात्याकडे ठेवा. पाच फटके मारा. खूण पात्याच्या मधोमध, खालच्या रेघांजवळ आली तर ठीक. टोकाकडे येत असेल तर बहुधा तुम्ही चेंडूपासून लांब उभे आहात किंवा फटक्यात हात आखडून घेताय. मागे रेलणाऱ्यांचे हात आखडतातच, तेव्हा कडी सुधारली की हेही बरंच सुधारतं. खूण दांड्याच्या सांध्याकडे येत असेल तर जपा, त्याच्या पुढची पायरी म्हणजे चेंडू काटकोनात उजवीकडे पळणं, आणि तुमच्या उजवीकडे शेजाऱ्यांच्या खिडक्या असणार. त्यावर तात्पुरता उपाय: चेंडूच्या पलीकडे दोन बोटांवर काडेपेटीचं रिकामं खोकं ठेवा आणि ते न पाडता मारा. वजन पंज्यांवर झुकत असेल तर तळपायाच्या मध्यावर आणा.

चेंडू पायांच्या मध्ये कुठं ठेवायचा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. सेव्हन आयर्नला मधोमध किंवा तिथून एक चेंडू डावीकडे, संपला विषय. ग्रिप ठीक असेल असं धरतो. फक्त जळगावच्या उन्हाळ्यात घामानं ग्रिप निसटते म्हणून माणूस आवळून धरतो, आणि आवळलं की मनगट, कोपर, खांदा सगळं लाकूड होतं. पंचा खांद्यावर ठेवा, प्रत्येक फटक्याआधी तळवे पुसा. ड्रायव्हरला (लांब पल्ल्याचा पहिला फटका मारायचा क्लब) यातलं काही लावू नका. तिथं चेंडू टीवर, म्हणजे लहान खुंटीवर, उंच असतो, डाव्या टाचेसमोर असतो आणि क्लब तळ ओलांडून किंचित वर चढताना लागलेला चालतो. आयर्न सुधारेपर्यंत ड्रायव्हर पिशवीतच राहू दे.

ताकदीचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात असणार, कारण नीट लागायला लागल्यावर प्रत्येकाला अजून जोरात मारावंसं वाटतं. पीजीए टूर या मोठ्या व्यावसायिक मालिकेतले पुरुष खेळाडू सेव्हन आयर्न ताशी ९० मैलांच्या आसपास फिरवतात आणि चेंडू १२० च्या आसपास सुटतो. म्हणजे क्लबच्या वेगाच्या १.३३ पट. तुमचा क्लब ७० नं फिरत असेल आणि चेंडू मधोमध, तळाच्या आधी लागला तर गुणोत्तर जवळपास तेच मिळू शकतं. तुम्ही आज गमावताय ते त्या १.३३ मधून गमावताय. आपली गोल्फपटू आदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, कांस्य एका फटक्यानं हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिची गणती कधीच नव्हती. तिच्याबरोबर खेळणाऱ्या बऱ्याच जणींचा ड्राइव्ह तिच्या पुढं पडायचा, आणि तरी ती शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती.

क्लब बदलायचं विचारलंय. नका बदलू. पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा दांड्याची लांबी आणि पात्याचा कोन तुमच्या उंचीला जुळतो का एवढं एखाद्या जाणत्याकडून बघून घ्या आणि तीन वर्षं जुन्या ग्रिप, म्हणजे दांड्यावरच्या रबरी मुठी, बदला. बाकी पैसे पेट्रोलला ठेवा, गिरणेपर्यंत जायला लागेल.

नदीवर गेलात की आधी शेळ्यामेंढ्या आणि धुणं धुणाऱ्या बायका कुठं आहेत ते बघा. चेंडू नसला तरी क्लबखालची वाळू चांगली लांब उडते. पहिल्या रविवारचे दहा ओरखडे मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, रेघ फोटोत यायला हवी. दर रविवारी त्याच जागी दहा. दहापैकी सात रेघेवर किंवा पुढं यायला लागले की अर्ध्याचा पाऊण स्विंग करा, त्याआधी नाही. नानांना दोन महिने लागले होते, पण नाना हट्टी होते. आणि साडेसहाच्या आत पोचा. ऊन चढलं की वाळू सुकते, ओरखडा ढासळतो आणि तो कुठून सुरू झाला होता ते कळत नाही.